ठाणे राखण्याचा खेळ



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जी छाया पसरली ती आमच्या नजरेतून सुटली नाही. ‘व्हिडिओ गेम?’ त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, ‘होय, आणि तेही चाळीस वर्षांपूर्वीचे.’ त्यांनी मोठ्या मनाने विषय मान्य केला. मात्र पत्रिकेत छापताना त्याचे नाव ‘ठाणे राखण्याचा खेळ’ असे केले. आम्ही सुचवलेल्या नावापेक्षा ते चांगले आहे, हे येथे कबूल करणे भाग आहे. काल याच मंडपात ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या द्राक्षांच्या निर्यातीवर होणार आहे. त्या दोहोंच्या मध्ये आम्ही हा पोरखेळ घेऊन उभे आहोत. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे हे आपल्या शेजारच्या निफाडात जन्मलेले. एवढ्या शेजारधर्मावर तरी त्यांनी आम्हांला क्षमा करावी.

पण विषय पोरखेळाचा असला तरी प्रश्न पोरखेळाचा नाही. एखादी जागा राखायची म्हणजे काय करायचे असते? राखणारा जिंकतो तेव्हा नेमके काय जिंकतो? आणि शेवटी जागा गेलीच, तर त्याचे राखणे फुकट गेले म्हणायचे काय? दिंडोरी तालुक्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडल्यावाचून राहू नये, कारण त्याच्या उशालाच रामशेज आहे. आम्हांला मात्र तो रामशेजवर पडला नाही. तो पडला नाशिकच्या एका अंधाऱ्या गाळ्यात, रुपयाच्या नाण्यावर चालणाऱ्या यंत्रासमोर. जसा पडला तसाच सांगतो.

त्याआधी थोडे शेतात जाऊ. आज आपल्या तालुक्यात जिकडे पाहावे तिकडे द्राक्षाचे मांडव दिसतात, पण आमच्या लहानपणी आमच्या वावरात रब्बीची ज्वारी उभी असे. कणसात दाणा भरू लागला की भोरड्यांचे थवे येत. एक थवा म्हणजे शेकडो पाखरे. वळणे घेत येतात, एकदम खाली बसतात आणि पाहता पाहता कणसाचे पिशे करून टाकतात. वावराच्या मधोमध चार लाकडांवर माळा बांधलेला असे. त्यावर चढून हातात गोफण घेऊन बसणे हे घरातल्या पोरांचे काम. गोफणीची गंमत अशी की, थवा जिथे दिसतो तिथे खडा मारून उपयोग नाही. खडा तिथे पोचेपर्यंत थवा पुढे गेलेला असतो. तो जिथे असणार आहे तिथे मारावे लागते. हे आम्हांला कोणी शिकवले नाही. पाच-पन्नास खडे वाया गेले की हाताला आपोआप कळते. एका दुपारी खांदा भरून आला तेव्हा आम्ही आजोबांना रडकुंडीला येऊन विचारले होते, ‘तात्या, ही पाखरं संपणार तरी कधी?’ तात्या बांधावर बसून तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, ‘ज्वारी संपली की.’

या उत्तराचा अर्थ कळायला आम्हांला आणखी काही वर्षे लागली.

आता त्या गाळ्यात येऊ. शाळेतल्या वरच्या वर्गात असताना काही कामानिमित्त आम्हांला एकट्याने नाशिकला पाठवण्यात आले. काम झाले; परतीच्या एस.टी.ला अवकाश होता. एका चित्रपटगृहाशेजारी पडदा लावलेला एक गाळा होता. आत कपाटाएवढी चार-पाच यंत्रे, प्रत्येकाच्या पोटात काच आणि काचेमागे चमचमणारे जग. बाहेर रणरणते ऊन आणि आत रात्र. आम्ही एक रुपया टाकला. मग दुसरा टाकला. तिसरा रुपया एस.टी.च्या तिकिटाचा होता. तो टाकताना आम्हांला तसे कळत होते, पण बोटांना कळत नव्हते. ती रात्र आम्ही सी.बी.एस.च्या बाकावर काढली. सकाळी घरी जे झाले ते या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाही.

त्या यंत्रावरचे नाव घासून गेलेले होते. ते आम्हांला फार पुढे कळले. ‘मिसाइल कमांड’ हा तो खेळ. अमेरिकेच्या अटारी कंपनीने १९८० साली तो बाजारात आणला आणि डेव्ह थ्योरर नावाच्या माणसाने तो रचला. पडद्याच्या तळाशी जमीन, जमिनीवर सहा शहरे आणि तीन ठाणी. आकाशातून बारीक रेघा उतरू लागतात. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक बॉम्ब, आणि प्रत्येक बॉम्बचे डोके कोणत्या ना कोणत्या शहराकडे किंवा ठाण्याकडे. खेळणाऱ्याच्या हाताखाली फळीत अर्धा बुडालेला एक गोळा असतो. तो तळहाताने फिरवला की पडद्यावर फुली सरकते. बटणे तीन, एकेका ठाण्याचे एकेक. बटण दाबले की त्या ठाण्यातून अस्त्र सुटते आणि फुलीच्या जागी जाऊन फुटते. त्या फुटण्याचा जो जाळ पसरतो त्यात बॉम्ब सापडला तर नाहीसा होतो. म्हणजे येथेही बॉम्ब आहे तिथे मारून भागत नाही. तो जिथे असणार आहे तिथे आधीच जाळ पेटवून ठेवावा लागतो. आमच्या हाताला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटली. त्या गाळ्यातल्या नाशिककर पोरांपेक्षा आमचा रुपया जास्त वेळ चालला, त्याचे श्रेय निखळ गोफणीला आहे.

प्रत्येक ठाण्याला एका फेरीसाठी दहा अस्त्रे, म्हणजे तीन ठाण्यांची मिळून तीस. ती संपली की फेरी संपेपर्यंत हात चोळत बसायचे आणि वरून येणारे पाहायचे. मधल्या ठाण्याची अस्त्रे वेगाने जातात, म्हणून नवखा माणूस ती आधी उधळतो आणि मग पस्तावतो. फेरी निभावली की उरलेली अस्त्रे आणि उरलेली शहरे मोजून गुण मिळतात. पुष्कळ गुण साठले की गेलेले एखादे शहर परत उभे राहते. पुढच्या फेरीत बॉम्ब अधिक वेगाने येतात. काही वाटेतच फुटून एकाचे चार होतात. काही इतके लबाड की आपला जाळ पाहून वाट वाकडी करतात. गारपिटीत द्राक्षबागेच्या कडेला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हे वर्णन परके वाटणार नाही. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधले आकाश येथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. फरक एवढाच, की आपल्या हातात ते तीन बटणांचे ठाणे नव्हते.

या खेळाचे मर्म असे की तो जिंकता येत नाही. आम्ही कितीही चांगले खेळलो तरी एका फेरीनंतर दुसरी येतेच, आणि ती आधीच्याहून कठीण असते. ‘तुम्ही शत्रूचा पराभव केला, आता घरी जा,’ असे ते यंत्र कधीही म्हणत नाही. सहावे शहर पडले आणि गाठीला साठवलेले शहर उरले नाही, की सबंध पडदाभर एक स्फोट होतो आणि त्यात दोन शब्द उमटतात : ‘द एंड’. इतर खेळ ‘गेम ओव्हर’ म्हणतात, म्हणजे तुझा डाव संपला. हा खेळ नुसते ‘अंत’ म्हणतो. अणुयुद्धाच्या भीतीचे दिवस होते ते. या खेळावर काम करताना थ्योररला शहरांवर बॉम्ब पडण्याची स्वप्ने पडत, असे त्याने स्वतःच सांगितलेले आहे. पहिल्या आराखड्यात ही सहा शहरे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची होती. पुढे ती नावे काढून टाकण्यात आली.

नावे काढली हे फार बरे झाले, कारण मग ती आम्हांला देता आली. दिंडोरी, वणी, पेठ, सुरगाणा, निफाड आणि नाशिक. तीस अस्त्रांत सहाही गावे वाचत नाहीत. कोणते जाऊ द्यायचे हे डोळ्याचे पाते लवण्याआत ठरवावे लागते. आम्ही पहिल्या झटक्याला नाशिक जाऊ देत असू, कारण तेथे आमच्या गणिताच्या मास्तरांचे घर होते. हा विनोद झाला. पण दोन-तीन फेऱ्यांनंतर आमच्या ध्यानात आले, की आम्ही सुरगाणाही दर वेळी जाऊ देतो आहोत. का, तर ते पडद्याच्या कडेला होते. कडेचे गाव वाचवायला हात लांब न्यावा लागे. दुसरे काहीही कारण नव्हते. या गोष्टीची आम्हांला आजही थोडी शरम वाटते.

या जातीचा पहिला गाजलेला खेळ याच्याही आधीचा, जपानातला. ‘स्पेस इन्व्हेडर्स’, टायटो कंपनीचा, १९७८ सालचा, निशिकादो यांनी रचलेला. त्यात वरून पंचावन्न परग्रहवासी ओळीने उतरतात, आणि खाली आपल्या तोफेला आडोसा म्हणून चार बुरूज असतात. शत्रूच्या माऱ्याने बुरूज झिजतात हे ठीकच आहे. पण त्यांच्या आडून आपण वर गोळी झाडली तर आपल्या गोळीनेही ते झिजतात. हे ज्याने योजले त्याने तटबंदीचा पुष्कळ विचार केला असला पाहिजे, किंवा मुळीच केला नसला पाहिजे आणि सहज हातून खरे निघून गेले असले पाहिजे. रचनाकारांच्या बाबतीत दुसरा प्रकारही बराच घडतो.

पुढे यंत्रे गाळ्यांतून घरात आली. दूरदर्शन संचाला जोडायचा एक डबा मिळू लागला. त्यात पिवळी किंवा काळी कॅसेट खुपसायची. त्या कॅसेटवर खेळांचा आकडा लाखांत छापलेला असे आणि आत फिरून फिरून तेच दहा-वीस खेळ असत. ती आमच्या पिढीची पहिली ग्राहकफसवणूक. त्यांत रणगाड्यांचा एक खेळ हमखास असे. येथे बसलेल्या चाळिशीच्या पुढच्या मंडळींपैकी निम्म्यांनी तरी तो खेळलेला आहे, हे आम्ही त्यांच्या चेहऱ्यांवरून सांगू शकतो. ‘बॅटल सिटी’ हे त्याचे नाव. नामको या जपानी कंपनीने १९८५ साली तो काढला, आणि त्याचा पूर्वज ‘टँक बटालियन’ हा त्याच कंपनीचा १९८० सालचा गाळ्यातला खेळ. तळाशी मध्यभागी एक गरुड, हेच आपले ठाणे. त्याच्याभोवती विटांची भिंत. एकेका फेरीत शत्रूचे वीस रणगाडे येतात. अशा फेऱ्या पस्तीस, आणि पस्तिसावी संपली की पुन्हा पहिलीपासून. दोघांना मिळून खेळता येते हे त्याचे वैशिष्ट्य. दुसरे वैशिष्ट्य, त्या गरुडाला आपल्याच रणगाड्याचा गोळा लागला तरी ठाणे पडते. कोणाचा गोळा, हे यंत्र विचारत नाही.

आम्ही आणि आमचा धाकटा भाऊ सुट्टीत हा खेळ खेळत असू. एकदा आम्ही पुष्कळ पुढे गेलो होतो. इतके पुढे त्या घरात कोणी गेले नव्हते. पडद्यावर एक फावडे उमटले. ते घेतले की विटांची भिंत काही काळ पोलादी होते. ते त्याच्याजवळ होते, पण आम्ही झेप घेऊन आधी घेतले. वडीलपणाचा हक्क, दुसरे काय! भाऊ काही बोलला नाही. थोड्या वेळाने भिंतीचे पोलाद जाऊन पुन्हा विटा आल्या. त्याने आपला रणगाडा शांतपणे वळवला, दोन गोळ्यांत भिंत फोडली आणि तिसरा गोळा गरुडावर घातला. आमचे सर्व प्राण शाबूत होते. शत्रूचे फक्त चार रणगाडे उरले होते. आम्ही त्याला बदडले. आणि फितुरी म्हणजे काय, हे इतिहासाच्या पुस्तकाने जे दोन वर्षांत शिकवले नव्हते ते आम्हांला त्या संध्याकाळी कळले.

आता रामशेजकडे वळायला हरकत नाही.

नाशिकहून पेठच्या रस्त्याने उत्तरेला दहा-पंधरा किलोमीटर आले की आशेवाडी लागते, आणि तिच्या डोक्यावर हा डोंगर. वनवासात प्रभू रामचंद्रांनी येथे शेज केली म्हणून रामशेज, अशी आपली श्रद्धा. किल्ला म्हणून पाहिला तर तो फार दांडगा नाही. ब्रह्मगिरीसमोर किंवा मार्कंड्यासमोर तो ठेंगणाच. सावकाश चढले तरी तासाभरात माथा येतो. वर राममंदिर, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, मोडका दरवाजा, एक चोरदरवाजा. शेजारी भोरगड आहे, त्यावर आज हवाई दलाचे ठाणे असल्यामुळे आपल्याला जाता येत नाही. त्या डोंगराने आपला धंदा अजून सोडलेला नाही.

१६८१ च्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेत उतरला. बरोबर अफाट सैन्य, अफाट खजिना, आणि मराठ्यांचे राज्य बुडवण्याचा निश्चय. बागलाण-नाशिककडचे किल्ले आधी घ्यावेत म्हणून १६८२ च्या उन्हाळ्यात त्याने शिहाबुद्दीनखानाला रामशेजवर पाठवले. हा पुढे गाजीउद्दीन फिरोजजंग म्हणून गाजला. हैदराबादच्या निजाम घराण्याच्या मूळ पुरुषाचा हा बाप. असल्या सरदाराला हा ठेंगणा डोंगर म्हणजे दोन-चार दिवसांचे काम वाटले असले तर नवल नाही.

पुढे काय घडले याची उत्तम हकीकत आपल्याला आपल्या बखरींत मिळत नाही, ती मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान देतो. त्याने ती अनेक वर्षांनंतर लिहिली, आणि किस्सा रंगवण्याचा त्याला नाद होता, हे लक्षात ठेवून ती ऐकावी. पण शत्रूने केलेली स्तुती आहे, म्हणून तिला वजन आहे. खाफीखान सांगतो की किल्ल्यावर लोखंडी तोफ नव्हती. किल्लेदाराने झाडांची खोडे पोखरून लाकडी तोफा केल्या, त्यांवर कातडे चढवले आणि त्या डागल्या. लाकडाची तोफ चार बार काढील आणि फुटेल. मग दुसरी करायची. शिहाबुद्दीनखानाने किल्ल्यावर मारा करता यावा म्हणून लाकडाचा प्रचंड दमदमा उभारला. म्हणजे दोन्ही बाजूंना लाकूडच. एकाने ते उंचीसाठी वापरले आणि दुसऱ्याने आवाजासाठी. खानाला यश आले नाही. संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना कुमक देऊन पाठवले आणि त्यांनी मोगलांशी झुंज घेतली.

मग बादशहाने शिहाबुद्दीनखानाला हलवून खानजहान बहादूर कोकलताश याला पाठवले. हा बादशहाचा दूधभाऊ, जुना अनुभवी सेनानी. याने युक्ती योजली. एका बाजूने बुणग्यांना पुढे घालून मोठा गलबला करायचा, किल्ल्यावरचे सगळे लोक तिकडे धावतील. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने निवडक माणसे दोर लावून चढतील. किल्लेदाराने हे ओळखले. गलबल्याच्या बाजूला त्यानेही तितकाच गलबला करवला, नगारे वाजवले. आणि शांत बाजूला, कड्याच्या तोंडाशी, माणसे श्वास रोखून बसवली. पहिले डोके वर आले तेव्हा काय झाले असेल ते सांगायला नको. ज्यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळला आहे त्यांना ठाऊक आहे, की पडद्यावर जिकडे गर्दी असते तिकडून धोका कमी असतो.

यानंतरची गोष्ट आम्हांला सर्वांत प्रिय आहे. खानाच्या छावणीतल्या एका इसमाने सांगितले, की या किल्लेदाराला भुते वश आहेत, पण त्यावर आपल्याकडे तोड आहे. सोन्याचा एक साप करून द्या, तो हातात धरून मी पुढे चालतो, फौज मागून येऊ द्या. बादशहाच्या दूधभावाने साप करून दिला! मांत्रिक साप धरून चढू लागला आणि फौज त्याच्या मागे. निम्मी वाट चढून झाली तोच वरून एक गोफणगुंडा आला आणि त्याच्या छातीत बसला. साप एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. गोफणगुंडा, श्रोतेहो! कातड्याच्या तोफा होत्या, दारू होती, शिळा होत्या. पण मांत्रिकाला लोळवले ते पाखरे राखण्याच्या हत्याराने. मारणारा कोण होता ते कोणी लिहून ठेवले नाही. आम्हांला खात्री आहे की लहानपणी तो कुठल्या तरी माळ्यावर बसलेला होता, आणि मांत्रिक जिथे दिसत होता तिथे त्याने नेम धरला नव्हता.

खानजहानने शेवटी दमदम्याचे लाकूड पेटवून दिले आणि तो निघून गेला. त्यानंतर कासिमखानालाही पाठवण्यात आले. त्यालाही ते जमले नाही.

येथपर्यंतची गोष्ट आपण सगळे सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगतो, गडावर गेल्यावर सांगतो. आणि येथेच थांबतो. आम्ही आज येथे थांबणार नाही, याबद्दल रागावू नये. १६८७ साली रामशेज पडला. तोफेने नव्हे, पैशाने. जुना किल्लेदार बदलून दुसरा आला होता म्हणतात. मोगलांनी नव्याला वश केले आणि दरवाजा आतून उघडला गेला. आमच्या भावाचा तिसरा गोळा आठवावा. साडेसहा वर्षे किल्ला लढला असे कोणी म्हणतात. १६८२ आणि १६८७ ही साले धरली तर वजाबाकी पाचाच्या आसपास येते. पाच हा काही लहान आकडा नव्हे, तो फुगवण्याची गरज काय? आणि ‘अजिंक्य रामशेज’ असे भाषणांतून म्हटले जाते त्याची तरी गरज काय? अजिंक्य म्हणजे जो जिंकला गेला नाही तो. रामशेज गेला. ‘मिसाइल कमांड’मधले सहावे शहरही जाते. जो खेळतो त्याला नाणे टाकतानाच ते माहीत असते.

मग रामशेजने काय मिळवले? त्या पाच वर्षांत दिल्लीच्या बादशहाचे नामांकित सेनापती, त्यांच्या फौजा, त्यांचे उंट, धान्य, दारूगोळा, आणि मुख्य म्हणजे त्यांची अब्रू, आपल्या तालुक्यातल्या एका ठेंगण्या डोंगराखाली अडकून पडली. मराठे झटपट संपवावेत ही बादशहाची आशा याच काळात मावळली. तो आदिलशाही आणि कुतुबशाहीकडे वळला. विजापूर १६८६ साली पडले, गोवळकोंडा १६८७ साली. हे सर्व एकट्या रामशेजमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही; गावाच्या अभिमानापोटी इतिहासाला इतके वाकवू नये. पण वेळ नावाची जी वस्तू आहे ती युद्धात कोणीतरी विकत घ्यावी लागते, आणि ती घेणारा बहुधा स्वतः तिचा उपभोग घेत नाही. १६८९ साली संभाजी महाराजांना अत्यंत हालहाल करून मारण्यात आले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. तरी राज्य बुडाले नाही. बादशहा १७०७ साली अहमदनगरजवळ मेला, तो दिल्लीला परत गेलाच नाही. आमच्या तात्यांच्या भाषेत, ज्वारी खळ्यावर पोचली.

खेळ आणि किल्ला यांतला एक भेदही सांगितला पाहिजे. खेळातल्या ठाण्याला पोट नसते. फेरी संपली की दहा अस्त्रे आपोआप भरतात. ती कोण आणतो, कोणत्या वाटेने आणतो, हे यंत्राला ठाऊक नाही. रामशेजवरच्या शिबंदीला रोज दोन वेळा खायला लागत होते. टाक्यांतले पाणी पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत मोजून प्यावे लागत होते. झाड पोखरून तोफ केली, पण झाड डोंगरावर आणायला माणूस लागतो, बैल मारून कातडे काढायला बैल लागतो. आणि डोंगराच्या खाली जी गावे होती, आशेवाडीसारखी, त्यांच्या शिवारात पाच वर्षे परकी छावणी कधी वाढत, कधी आटत बसली होती. त्यांची ज्वारी कोणी खाल्ली? त्यांच्या विहिरी कोणी उपसल्या? बादशाही उंटांनी की आणखी कोणी? खाफीखानाला हा प्रश्न पडला नाही आणि आपल्या पोवाड्यांनाही फारसा पडलेला नाही. पडद्याच्या कडेचे गाव आमच्याच हातून दर वेळी सुटत असे, तेव्हा आम्ही इतरांना फार बोलू नये.

ज्याने लाकडी तोफा केल्या त्या किल्लेदाराच्या नावावर आजही एकमत नाही. वेगवेगळी नावे सांगतात. गाळ्यातल्या यंत्रावर चांगले गुण मिळाले की आपल्या नावाची तीन अक्षरे कोरता येत. आमचीही एकदा त्या यादीत पाचव्या ओळीत होती. त्या संध्याकाळी वीज गेली. ती परत आली तेव्हा यादीत कारखान्याने भरलेली अक्षरे होती.

पुढे या किल्ल्याचे काय झाले तेही सांगून टाकतो. १८१८ साली इंग्रजांनी त्र्यंबकचा किल्ला घेतला, तेव्हा या भागातले सतरा किल्ले न लढता त्यांच्या हवाली झाले. त्यांत रामशेज होता. ज्या दरवाज्यासाठी तीन सरदार थकले तो या वेळी नुसता उघडला गेला. त्याच्याविषयी कोणी गोष्ट सांगत नाही, आणि सांगण्यासारखे काही नाहीही. तोवर राखायचे असे काय उरले होते, असे वरच्या माणसांना वाटले असेल.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुतण्याला घेऊन रामशेजवर गेलो होतो. तो बारा वर्षांचा आहे. त्याचे खेळ वेगळे, त्यांत शंभर माणसे एका बेटावर उतरून एकमेकांना मारतात आणि राखायचे असे कोणाकडे काही नसते. आम्ही त्याला वाटेत मांत्रिकाची गोष्ट सांगितली. त्याने अर्ध्या चढणीवर थांबून वर पाहिले, खाली पाहिले आणि एक खडा उचलून विचारले, ‘काका, इथून किती लांब असेल हो तो?’ आम्ही म्हणालो, ‘फेकून बघ.’ त्याने फेकला. खडा वीस हातांवर पडला. पुढचा अर्धा तास तो खडेच फेकत होता. आम्ही टाक्याच्या काठी बसून पाहत होतो. त्याला गोफण करून द्यायचे आम्ही कबूल केले आहे, पण ती विणणारे हात आता आमच्या घरात उरलेले नाहीत. येथे कोणाला येत असेल तर कृपा करून आम्हांला भेटावे.

आता शेवटचे. ज्या धाकट्या भावाविषयी आम्ही मघाशी बोललो तो दिंडोरीतच द्राक्षे पिकवतो आणि आज येथे दुसऱ्या रांगेत बसलेला आहे. गेली पस्तीस वर्षे त्याचे म्हणणे असे आहे, की बोट चुकून लागले. तीन गोळे चुकून कसे लागतात ते त्याने आम्हांला कधी समजावून दिले नाही. पण आम्हीही ते फावडे त्याच्या तोंडासमोरून उचलले होते, ही गोष्ट आम्ही आजवर कोणाला सांगितली नव्हती. आज येथेच प्रथम सांगितली. रामशेजच्या त्या दुसऱ्या किल्लेदाराची बाजू तर कोणी लिहूनच ठेवली नाही. आमच्या भावाची बाजू ज्यांना ऐकायची असेल त्यांनी सभा संपल्यावर त्याला गाठावे. तो ती रंगवून सांगतो.